पाच काळ्या पट्ट्या

घरात पेटी असेल तर उघडा आणि पांढऱ्या पट्ट्यांना हातही न लावता फक्त काळ्या वाजवून बघा. काळी तीनला षड्ज धरून वर गेलात की सा रे ग प ध मिळतात, म्हणजे भूप. षड्ज काळी चारवर नेलात की मध्यमाद सारंगाचे सूर. काळी पाचवर नेलात की मालकंस. काळी एकवरून दुर्गा आणि काळी दोनवरून धानी. पट्ट्या त्याच पाच, एकही बदललेली नाही. बदलला तो फक्त आधाराचा सूर. शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. रत्नागिरीच्या वाड्यावाड्यांतल्या भजनी मंडळांत पेटी धरणाऱ्या कित्येक बुवांना हा शब्द ठाऊक नसेलही, पण ही गंमत त्यांच्या बोटांना ठाऊक असते.

हीच पाच रूपं चिनी संगीतात दोन हजार वर्षांहून अधिक काळ नांदत आली आहेत. तिथली त्यांची नावं गोंग, शांग, ज्युए, झी आणि यू. आपल्या कानाला गोंग भूपासारखा लागेल, शांग मध्यमाद सारंगासारखा, ज्युए मालकंसासारखा, झी दुर्गासारखा आणि यू धानीसारखा. चिनी वैद्यांनी मात्र या सुरांना थेट शरीरात नेऊन बसवलं. ‘हुआंगदी नेइजिंग’ या त्यांच्या प्राचीन वैद्यकग्रंथात प्रत्येक सुराला एक तत्त्व, एक अवयव आणि एक भावना नेमून दिलेली आहे. गोंगकडे पृथ्वी, प्लीहा आणि चिंता. शांगकडे धातू, फुप्फुस आणि शोक. ज्युएकडे लाकूड, यकृत आणि राग. झीकडे अग्नी, हृदय आणि हर्ष. यूकडे पाणी, मूत्रपिंड आणि भीती. आपल्या पंचमहाभूतांतले वायू आणि आकाश त्यांच्या पाचांत नाहीत. त्यांच्या जागी लाकूड आणि धातू आहेत.

हा सगळा मामला केवळ पोथीतला राहिला नाही. अकराव्या शतकात सुंग राजवटीत ओउयांग श्यू नावाचा मोठा लेखक आणि राजकारणी होऊन गेला. आपल्याला आत कुठेतरी खोल उदासीचा आजार जडला होता, नोकरीतून बाजूला होऊन विश्रांती घेतली तरी तो हटेना, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मग एका मित्राकडे तो गूचिन शिकायला लागला. गूचिन म्हणजे आडवं ठेवून वाजवायचं सात तारांचं वाद्य; युनेस्कोने २००३ साली मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशात त्याचा समावेश केला. ओउयांग श्यू आधी गोंग स्वरातल्या काही रचना शिकला, त्यांत रमला आणि आपल्याला काही आजार आहे हेच विसरून गेला. आपल्या भाषेत सांगायचं तर भूपाच्या वळणाने गेला आणि सावरला. एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. त्याने ते संगीत पडून ऐकलं नव्हतं, तो ते शिकला होता, स्वतःच्या बोटांनी वाजवत होता आणि शिकवणारा त्याचा मित्र होता. या मुद्द्याकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

आजच्या चीनमध्ये या विद्येचा एक नवा उपयोग सुरू आहे आणि तो या प्रकरणाचा विषय आहे. पक्षाघात होऊन गेलेल्या, जीव वाचलेल्या, पण मनाने खचलेल्या रुग्णांना तिथल्या अनेक रुग्णालयांत पाच सुरांचं संगीत ‘दिलं’ जातं. दिलं जातं हाच शब्द योग्य, कारण ते औषधासारखंच असतं. पारंपरिक वैद्य आधी रुग्णाची प्रकृती पाहतो. बहुतेकदा निदान असं निघतं की यकृतातला ‘ची’, म्हणजे प्राणप्रवाह, तुंबला आहे. त्यावर ज्युए स्वरातल्या धुना सांगितल्या जातात. रुग्णाच्या कानाला हेडफोन लावतात, वेळ ठरलेली असते, साधारण अर्धा तास, आणि हा क्रम काही आठवडे चालतो. सोबत अॅक्युपंक्चर, काढे, कधी आधुनिक नैराश्यविरोधी गोळ्याही असतात. फरक पडला का ते मोजायला मॅक्स हॅमिल्टन या मानसोपचारतज्ज्ञाने १९६० साली तयार केलेली प्रश्नावली वापरतात.

उपचाराचा न्याय करण्याआधी आजार नीट समजून घेऊ, कारण आपल्याकडे आजारच ओळखला जात नाही.

‘अंगावरून वारं गेलं’ असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर येतो तो लुळा हात, ओढला जाणारा पाय, वाकडं झालेलं तोंड. मेंदूला रक्त नेणारी वाहिनी तुंबते किंवा फुटते आणि त्या भागातल्या पेशी मरतात. मात्र त्याच मेंदूत मनही असतं. पक्षाघातानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना पुढे कधी ना कधी नैराश्य गाठतं, बहुधा पहिल्या वर्षातच. ‘हात गेला म्हणून वाईट वाटतं’ एवढं त्याचं स्पष्टीकरण पुरत नाही. मेंदूतल्या भावना सांभाळणाऱ्या जोडण्याच दुखावलेल्या असतात, आणि त्यावर परावलंबनाचा भार येऊन पडतो. मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा झाली तर नैराश्य जास्त येतं, असं एकेकाळी ठामपणे मानलं जाई. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आढाव्याने त्या समजुतीला आधार सापडत नसल्याचं दाखवलं. म्हणजे स्कॅन बघून कोण खचेल ते सांगता येत नाही. माणसाकडेच बघावं लागतं.

बघायचं काय? जेवण कमी होणं, पहाटे तीनला जाग येणं, व्यायामाला नकार, ‘मला कशाला जगवलंत’ असं म्हणणं, नातवंडं आली तरी भिंतीकडे तोंड करून पडणं. इथे एक गोंधळ नेहमी होतो. काही रुग्णांना पक्षाघातानंतर क्षुल्लक कारणावरून हुंदके फुटतात किंवा हसू आवरत नाही, आणि मिनिटाभरात ते थांबतं. तो भावनांवरचा ताबा सुटण्याचा वेगळा प्रकार असतो, त्यालाही उपचार आहेत. पण ते म्हणजे नैराश्य नव्हे. उलट खरा खचलेला माणूस अनेकदा रडत नाही. तो गप्प असतो आणि घरचे म्हणतात, ‘आता शांत झालेत.’

कोकणात हे गप्प राहणं आणखी सोयीचं पडतं. राजापूर, लांजा, संगमेश्वरकडच्या कित्येक घरांत म्हातारा-म्हातारी दोघंच. मुलं मुंबईला, पुण्याला, गणपतीला आणि शिमग्याला येणारी. आजोबांना झटका आला की एकशेआठची गाडी येते, रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय किंवा डेरवणचं वालावलकर रुग्णालय गाठलं जातं, मुलं धावत येतात, पंधरा दिवस राहतात. मग घरी उरते ती सत्तरीची आजी, फिजिओथेरपीचे सांगितलेले चार व्यायाम आणि बीपीच्या गोळ्या. मनाचं नाव कुणी काढत नाही. काढावं तर दुसरा अडथळा उभा. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या अशा चार मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एक, ब्रिटिश काळापासूनचं. आणि त्याच रत्नागिरीच्या आसपास ‘याला रत्नागिरीला पाठवायला हवं’ ही वेडेपणाची थट्टा पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. जिथे जिल्ह्याच्या ठिकाणाचं नावच अशा थट्टेत वापरलं जातं, तिथे आजोबांना मानसोपचाराच्या ओपीडीत न्यायचं कोण मनावर घेणार? संगीत उपचाराचा खरा फायदा इथे दिसतो. पेटी आणि टाळ घेऊन आलेल्या माणसाला पाहून कुणी दार लावून घेत नाही.

मग चिनी पद्धत जशीच्या तशी उचलावी का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं कारण पुन्हा त्या पाच काळ्या पट्ट्यांत आहे.

चिनी वैद्याने उदास माणसाला नेमून दिलेला ज्युए आपल्या कानाला मालकंसाच्या सुरांचा लागतो. आता मालकंस आपल्याकडे काय आहे? मध्यरात्रीनंतरचा राग, गंभीर, काहीसा गूढ. अवेळी गायला तर भुतंखेतं येऊन बसतात अशी गवयांची जुनी गोष्ट आहे, आणि कोकणात तर भुतांची वानवा नाही. ‘बैजू बावरा’तलं ‘मन तडपत’ त्याच रागातलं. ऐकून अंगावर काटा येतो, पण ते ऐकून यकृत मोकळं झालं असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. बरं, सुरांचाच जर गुण असता तर आपल्याच घरात भूप आणि देशकार वेगळे का? दोघांचे सूर तेच पाच. भूप गांधारावर विसावतो, संध्याकाळचा, सौम्य. देशकार धैवतावर तळपतो, सकाळचा. किशोरीताईंचं ‘सहेला रे’ ज्याने ऐकलं आहे त्याला भूप म्हणजे पाच सुरांची यादी नव्हे हे सांगावं लागत नाही. सूर कसे लावले, कुठे थांबले, कुणी कुणासाठी म्हटले आणि ऐकणाऱ्याच्या आयुष्यात ते आधी कुठे भेटले होते, यावर सगळं ठरतं. चिनी म्हाताऱ्याला ज्युएची धून त्याच्या बालपणीच्या नदीकाठी घेऊन जात असेल. संगमेश्वरच्या म्हाताऱ्याला ती नेईल असं मानायला जागा नाही.

चिनी अभ्यास काय सांगतात? पाच सुरांचं संगीत मिळालेल्या रुग्णांचे नैराश्याचे गुण उतरले, असं अनेक छोट्या चाचण्यांत दिसतं. परंतु बहुतेक चाचण्यांत सोबत सुया आणि औषधं आहेत, रुग्णांची संख्या मर्यादित आहे आणि आपल्याला संगीत मिळतंय की नाही हे रुग्णापासून लपवणं तर अशक्यच. त्यामुळे गुण सुरांचा, सुयांचा की रोज अर्धा तास कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतं या भावनेचा, हे वेगळं काढता येत नाही. यकृत आणि ज्युएचं नातं आधुनिक शरीरशास्त्रात कुठेही बसत नाही. एक गोष्ट मात्र मी चिनी वैद्यांकडून घ्यायला तयार आहे, ती म्हणजे शिस्त. वेळ ठरलेली, मात्रा ठरलेली, रोज न चुकता, आणि नोंद ठेवलेली. आपल्याकडे ‘जरा गाणी लाव त्यांना’ म्हणतात आणि मोबाईल उशाशी ठेवून सगळे कामाला जातात. मध्येच जाहिरात लागते, मग भलतंच काही वाजू लागतं, आणि ते बंद करायलाही आजोबांचा हात उचलत नाही.

तक्त्यांचा मोह आपल्यालाही आहेच. अमुक रोगाला अमुक राग अशा याद्या व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि त्यांना प्राचीनतेचं कुंकू लावलेलं असतं. म्हणून देवगिरीच्या शार्ङ्गदेवाची आठवण ठेवावी. तेराव्या शतकात यादवांच्या दरबारात बसून त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचं घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा वैद्य. सूर सांगण्याआधी तो शरीर सांगतो. गर्भ कसा घडतो, नाड्या कुठे, नाद कुठून उठतो. संगीत आणि वैद्यक या दोन्ही गोष्टी त्याला जवळून माहीत होत्या. तरीही रोगांसमोर रागांची नावं लिहिलेले हे फिरते तक्ते त्याच्या ग्रंथातले नव्हेत.

आता अधिक भक्कम पुराव्याकडे वळू. तो आला फिनलंडमधून. हेलसिंकीत तेप्पो सार्कामो आणि सहकाऱ्यांनी नुकताच पक्षाघात झालेले ६० रुग्ण घेऊन तीन गट केले. एका गटाने रोज किमान तासभर संगीत ऐकायचं, दुसऱ्याने ध्वनिमुद्रित पुस्तकं, तिसऱ्याला यातलं काही नाही. नेहमीचे उपचार तिघांनाही सारखेच. दोन महिने हा क्रम चालला आणि २००८ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि लक्ष इतरांपेक्षा जास्त सुधारलं, आणि काहीच न ऐकणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्यात उदासी आणि गोंधळलेपणा कमी राहिला. संगीत कुठलं? ज्याला जे आवडतं ते. कुणी शास्त्रीय, कुणी जाझ, कुणी पॉप. कुठल्याही अवयवाला नेमलेलं नव्हे, माणसाने स्वतः निवडलेलं. त्याच चमूने २०२० साली आणखी एक गोष्ट दाखवली: नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा शब्द असलेलं, गायलेलं संगीत स्मृती आणि भाषा परत आणायला अधिक उपयोगी पडतं. डोक्यात शिरणारं गाणं एका कोपऱ्यात थांबत नाही. ऐकणं, शब्द, आठवण, हालचाल, आनंद या सगळ्यांची केंद्रं एकाच वेळी कामाला लागतात. आवडत्या गाण्यावर शहारा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन स्रवतं, हे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिलं.

आणि मग ती चमत्कारासारखी वाटणारी, पण चमत्कार नसलेली गोष्ट. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन ज्याची वाचा गेली आहे, ज्याला ‘पाणी’ हा शब्द उच्चारता येत नाही, असा माणूस कधीकधी पाठ असलेलं अख्खं गाणं शब्दांसकट गातो. डॉक्टरांना हे शतकांपासून ठाऊक होतं. १९७३ साली बॉस्टनमध्ये अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी त्यावरून उपचारच बसवला: रोजची वाक्यं सुरावर म्हणायची, निरोगी हाताने ठेका धरायचा आणि हळूहळू सूर काढून टाकत बोलण्यावर यायचं. वाचा गेलेल्यांना नैराश्य अधिक गाठतं आणि नैराश्याच्या प्रश्नावल्या मात्र बोलून उत्तरं मागतात, त्यामुळे नेमके तेच अभ्यासांतून आणि तपासणीतून सुटतात. अशांच्या बाबतीत जवळच्या माणसाने निरीक्षण करून भरायच्या प्रश्नावल्या आहेत. डॉक्टरांना तसं विचारावं.

आता रत्नागिरीत जे आहे त्याचा विचार करा. इथे सावरकर स्थानबद्ध असताना ‘संन्यस्त खड्ग’ लिहिलं गेलं आणि मास्टर दीनानाथांच्या मंडळीने ते १९३१ साली रंगभूमीवर आणलं. ‘खल्वायन’सारखी संस्था संगीत नाटकं आजही जिवंत ठेवते, थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव भरतो. पण खेड्यातल्या रुग्णासाठी याहून मोलाची गोष्ट म्हणजे भजनी मंडळ आणि नमन-खेळे, जाखडी या लोककला. जगात ठिकठिकाणी वाचा गेलेल्या रुग्णांचे समूहगायनाचे गट मुद्दाम बांधले जातात. आपल्याकडे गट बांधलेला आहे. फक्त झटका आल्यावर त्या माणसाला आपण गटातून काढून टाकतो. चाळीस वर्षं टाळ धरलेल्या माणसाकडे ‘आता त्यांना झेपायचं नाही’ म्हणून कुणी फिरकत नाही. आणि त्याला जेवढं झेपलं असतं तेवढंही मग झेपेनासं होतं.

करायचं काय, ते फार अवघड नाही. रुग्णाच्या पंधराव्या ते पंचविसाव्या वर्षांमधलं संगीत शोधा, कारण त्या वयातलं सर्वांत खोल रुजतं. आज पंचाऐंशी ओलांडलेल्यांसाठी ते गीतरामायण असेल, १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला ज्याची वाट पाहिली जायची. पंचाहत्तरीतल्यांसाठी बिनाका गीतमाला असेल, कुणासाठी नाट्यपदं, कुणासाठी शिमग्यातला पालखीचा ढोल. त्यांनाच विचारा, बोलता येत नसेल तर चार गाणी लावून चेहरा बघा. दिवसातून एक वेळ ठरवा आणि त्या वेळी शेजारी बसा. ऐकू कमी येत असेल तर कानाचं यंत्र आधी. ओउयांग श्यूसारखं नुसतं पडून ऐकणं नको; म्हणता येईल तेवढं म्हणू द्या, चांगल्या हाताने मांडीवर ठेका धरू द्या. एखादं गाणं लागलं की माणूस मिटून जातो असं दिसलं, मग ते कितीही आवडतं असो, यादीतून काढा. गेलेल्या बायकोच्या आवडीचं पद प्रत्येकाला प्रत्येक दिवशी सोसत नाही. मंडळाला सांगा, महिन्यातून एक भजन यांच्या ओटीवर होऊ दे. चढाओढीची बारी नको, रात्रभर जागरण नको, तासभर पुरे.

गाणं औषधाची जागा घेत नाही, हे मी ठळक सांगतो, कारण ‘संगीताने सगळं बरं होतं’ म्हणणारे गोळ्या थांबवायला लावतात. रक्तदाबाची, रक्त पातळ ठेवण्याची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचंही तसंच, त्या डॉक्टर ठरवतील. फ्लुऑक्सेटीन हे औषध पक्षाघाताच्या सगळ्याच रुग्णांना सरसकट द्यावं का, याच्या मोठ्या चाचण्या ब्रिटन, स्वीडन आणि ऑस्ट्रेलियात झाल्या. नैराश्य कमी झालं, पण हातापायांची सुधारणा वाढली नाही आणि हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून सरसकट नको आणि ज्याला नैराश्य आहे त्याला नाकारायचंही नाही, एवढा त्याचा अर्थ. संगीतोपचाराबद्दलचे कॉक्रेन आढावे, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासून केलेले आढावे, सांगतात: नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घेतलं तर नैराश्यात निदान काही काळापुरता तरी फायदा दिसतो.

पुढच्या वेळी बीपी तपासायला घरच्या रुग्णाला न्याल, तेव्हा डॉक्टरांना एक वाक्य स्वतःहून सांगा: ‘झोप, भूक आणि बोलणं कमी झालंय, मन तपासा.’ जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. तिथवर जाणं जमत नसेल, किंवा माणूस जीव नको म्हणायला लागला असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक फिरवा. तो विनामूल्य आहे आणि रात्रंदिवस चालतो.